संकटाने धीर: इथे 'धीर'च का, 'सहनशीलता' का नाही?

एका ताईंनी विचारलंय, त्यांच्या मैत्रिणीची केमो चालू आहे आणि तिला पाठवायच्या कार्डावर बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं ते वचन लिहायचंय, संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते, ते. पण लिहायला बसल्यावर त्यांना 'धीर' शब्द खटकला. त्यांचं म्हणणं, रोजच्या बोलण्यात आपण घाई करणाऱ्या पोराला 'जरा धीर धर की' म्हणतो, मग इतक्या मोठ्या दुखण्यात तोच शब्द हलका नाही का वाटत, 'सहनशीलता' जास्त बरोबर नाही का? आणि दुसरं, मधेच ते 'शील' कुठून आलं, आजारपणाचा आणि शीलाचा काय संबंध?

ताई, पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे, 'धीर' अगदी बरोबर आहे, आणि मला तर वाटतं त्या जागी मराठीला याहून चांगला शब्द मिळालाच नसता. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी तुमच्या बाजूने आहे.

आधी धीर. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने मूळ ग्रीकमध्ये जो शब्द वापरलाय तो 'हुपोमोने'. त्याचे सरळ दोन तुकडे पडतात, हुपो म्हणजे खाली आणि मेनेइन म्हणजे राहणं, थांबणं. म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं, तिथून पळून न जाणं. नुसतं वाट बघणं यात नाहीये आणि नुसतं निमूट सोसणंही नाहीये, पाय रोवून उभं राहणं आहे. आता आपल्या धीर शब्दाकडे बघा. संस्कृतात धीर हे विशेषण, धीर माणूस म्हणजे स्थिर, न डगमगणारा, आणि त्याचं नाम धैर्य. मराठीने काय केलं, धैर्य घेतलं ते हिंमतीच्या अर्थाने, आणि धीर या विशेषणाचंच नाम करून टाकलं, ज्यात थोडी हिंमतही आहे आणि थोडी वाट बघण्याची ताकदही आहे. 'धीर करून विचारलं' म्हणतो तेव्हा त्यात हिंमत असते, 'धीर निघत नाही' म्हणतो तेव्हा वाट बघणं असतं, 'धीर खचला' म्हणतो तेव्हा दोन्ही एकदम गेलेलं असतं. हुपोमोने पण अशीच दोन्हीकडे पाय असलेली आहे, म्हणून ही जोडी इतकी चपखल बसते.

सहनशीलता बायबलमध्ये आहेच, पण ती दुसरीकडे. गलतीकरांस पत्रात पवित्र आत्म्याच्या फळाची यादी येते ना, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, तिथे ग्रीक शब्द वेगळा आहे, 'मक्रोथुमिया'. थुमोस म्हणजे राग, आवेश, आणि मक्रोस म्हणजे लांब. राग यायला वेळ लागणारा माणूस. तर ही सहनशीलता मुख्यतः माणसांच्या बाबतीतली, कुणी त्रास दिला तरी चटकन न भडकणं. आणि हुपोमोने परिस्थितीच्या बाबतीतली. सासूच्या टोमण्यांना लागते ती सहनशीलता आणि केमोच्या सहाव्या फेरीला लागतो तो धीर, असं ढोबळमानाने म्हणा. ही रेघ सगळीकडे पक्की नाही हेही सांगतो, याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात शेतकरी पावसाची वाट बघतो तिथे ग्रीकमध्ये मक्रोथुमियाचं क्रियापद आहे आणि मराठीत 'धीर धरा'च आहे, आणि ते बरोबरच वाटतं कारण पावसाच्या बाबतीत सहनशील राहा असं कुठलाच मराठी माणूस म्हणणार नाही.

त्याच अध्यायात चार ओळी पुढे ईयोबाच्या धीराचा उल्लेख आहे, तिथे हुपोमोनेच आहे. आणि ईयोब बघितला की सहनशीलता हा शब्द का चालत नाही ते लगेच कळतं. हा माणूस गप्प बसणारा नाहीच. पहिल्या दोन अध्यायांत संपत्ती गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले, आणि तिसऱ्या अध्यायात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतोय. पुढे अध्यायामागून अध्याय देवाशी वाद घालतोय, मला उत्तर दे म्हणतोय. याला सहनशील कसं म्हणणार? पण धीर सोडला का त्याने, तर नाही, भांडला ते देवाशीच भांडला, देवाला सोडून गेला नाही. म्हणून मी कुणी आजारी माणूस देवावर चिडून बोलला की त्याचा विश्वास कमी पडला असं कधीच मानत नाही. तो अजून बोलतोय त्याच्याशी, म्हणजे अजून त्या ओझ्याखाली उभाच आहे की.

पण धीर शब्दाची खरी कमाल मला वेगळ्याच ठिकाणी वाटते. तो देता येतो. बघा, 'तिने मला धीर दिला' हे अगदी रोजचं वाक्य आहे. 'तिने मला सहनशीलता दिली' हे वाक्य मराठीत बसतच नाही, कारण सहनशीलता ज्याची त्याची स्वतःची, स्वभावातली, असली तर आहे नाहीतर नाही. चिकाटी पण देता येत नाही, सोशिकपणा देता येत नाही. धीर मात्र दिला जातो, मिळतो, येतो, सुटतो, पुन्हा धरता येतो. आणि रोमकरांस पत्रातच पुढे पंधराव्या अध्यायात पाचवं वचन आहे, त्यात देवाला धीर आणि उत्तेजन देणारा देव म्हटलंय. तिथे ग्रीकमध्ये नुसतंच 'हुपोमोनेचा देव' आहे, 'देणारा' हा शब्द मराठीने घातलाय, आणि मराठीला तो घालणं अगदी सहज जमलं कारण आपल्याकडे धीर आणि देणे यांचं लग्न आधीच लागलेलं आहे.

यातला फरक बारीक वाटेल पण फार मोठा आहे हो. संकटातून माणूस घडतो हे तर कुठल्याही व्यायामशाळेत सांगतात, घाम गाळ म्हणजे ताकद येईल. पौल ते सांगत नाहीये. तो म्हणतो ही आशा फसवत नाही, कारण देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे. ओतली गेली आहे, म्हणजे बाहेरून आली. आजारी माणसाकडे धीर कमी पडला तर तो नापास झाला असं नाही, त्याला अजून थोडा धीर कुणीतरी आणून द्यायला हवा, एवढंच.

माझी आई आयसीयूत होती तेव्हाचं सांगतो. एक ओळखीचे गृहस्थ भेटायला आले आणि म्हणाले देव परीक्षा बघतोय, आनंद माना. हेतू चांगला असेल त्यांचा, पण मला पुढचे दोन दिवस प्रार्थना करता आली नाही. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या एक मावशी आल्या, वचन नाही की उपदेश नाही, माझ्या मांडीवरची रिपोर्टची जाडजूड फाईल उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, तू जरा भिंतीला पाठ टेक, डॉक्टरांनी बोलावलं की मी उठवते. मी तासभर बसल्या जागी झोपलो. उठलो तेव्हा फाईल त्यांच्या मांडीवरच होती, दोन्ही हात त्यावर ठेवलेले. तेव्हा मला धीर आला. आता हे 'मला सहनशीलता आली' असं लिहून बघा, खोटं वाटेल.

संकट शब्दाबद्दल पण थोडं सांगतो कारण तो पण खूप सुंदर बसलाय. ग्रीकमध्ये तिथे 'थ्लिप्सिस' आहे, म्हणजे दाब, चेपलं जाणं. याचंच क्रियापद येशूने सांगितलेल्या अरुंद वाटेसाठी मत्तयाच्या शुभवर्तमानात आलंय. आणि आपला संकट शब्द, संस्कृतात त्याचा एक अर्थच मुळी अरुंद, चिंचोळा असा आहे. हिब्रूतही संकटासाठी 'त्सार' म्हणून शब्द आहे, तोही अरुंदच. तीन वेगवेगळ्या भाषा आणि तिघींनाही दुःख म्हणजे जागा कमी पडणं वाटलं. ज्याने एमआरआयच्या नळीत अर्धा तास काढलाय त्याला हे समजवायला नको. चौथ्या स्तोत्राच्या पहिल्याच वचनात दावीद म्हणतो की मी अडचणीत होतो तेव्हा तू मला मोकळं केलंस, आणि हिब्रूत ते शब्दशः असं आहे की अरुंद जागेत तू माझ्यासाठी रुंदी केलीस. अरुंद जागेतून बाहेर काढलं असं नाही, तिथेच मला जागा करून दिली. दुःखातून आत्मिक वाढ म्हणतात ती मला या मोजक्या शब्दांत जितकी कळली तितकी दुसरीकडे कुठे कळली नाही.

आता शील. इथे तुमचा कान बरोबर आहे ताई. मराठीत शील म्हटलं की चारित्र्य, सदाचरण हेच डोळ्यापुढे येतं, आणि मग वाक्याचा अर्थ असा लागतो की आजारी पडलं की माणूस सदाचारी होतो, जे पौलाला म्हणायचं नाही. त्याचा शब्द आहे 'दोकिमे', म्हणजे पारखून खरं ठरलेलं असणं. याच घराण्यातला 'दोकिमोस' हा शब्द अस्सल ठरलेल्या नाण्याला, धातूला लावत. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात विश्वासाची पारख झाल्याने धीर उत्पन्न होतो असं आहे, तिथली 'पारख' पण याच घराण्यातली. म्हणजे ग्रीक वाचणाऱ्याला दोन्ही ठिकाणी एकच नातं दिसतं आणि मराठी वाचणाऱ्याला एकीकडे पारख दिसते, दुसरीकडे शील, आणि त्या बहिणी आहेत हे कळतच नाही. मला विचाराल तर इथे 'कस' हवा होता. सोन्याचा कस लागतो, माणूस कसाला उतरतो, कसलेला गडी म्हणतो आपण. धीराने कस लागतो आणि कसाला उतरलं की आशा पक्की होते, असं वाचलं की सोनार, दगड, त्यावर ओढलेली रेघ सगळं दिसतं. पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासाची तुलना आगीत पारखलेल्या सोन्याशी केली आहेच, त्याच्याशीही हे जुळलं असतं. तरी भाषांतर करणाऱ्यांना मी दोष देत नाही, 'शील' म्हणताना त्यांच्या मनात कॅरेक्टर, माणसाचा पिंड, हा अर्थ असणार आणि तो चुकीचा नाही, फक्त त्यात पारखण्याची क्रिया हरवते.

अजून एक, त्याच वचनाच्या सुरुवातीला 'संकटांचाही अभिमान बाळगतो' असं आहे, यातला तो 'चा'. ग्रीकमध्ये जे अव्यय आहे त्याचा साधा अर्थ 'मध्ये', म्हणजे संकटांमध्येही आम्ही अभिमान बाळगतो असंही वाचता येतं. अभ्यासक दोन्ही बाजूंनी बोलतात. मला 'मध्येही' जास्त पटतं, कारण 'चा' म्हटलं की दुखणंच मिरवायची गोष्ट होते. आणि पौल दुखणं मिरवणारा नव्हता, फटके, छड्या, दगडमार, तीन वेळा फुटलेली तारवं हे सगळं तो करिंथकरांना लिहितो खरं, पण ते लिहिताना आपण वेड्यासारखं बोलतोय असंही त्याच दमात म्हणतो, आणि पुढच्याच अध्यायात सांगतो की शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, उत्तर आलं ते 'माझी कृपा तुला पुरे आहे'.

तर कार्डाचं काय. ते पाचव्या अध्यायातलं वचन तुमच्या मैत्रिणीने स्वतः एक दिवस उघडून वाचलं तर त्याच्यासारखं काही नाही, पण ते दुसऱ्याने पाठवलं की ते 'आनंद माना' सारखं लागू शकतं, मला लागलं होतं म्हणून सांगतोय. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते तोवर सगळं ठीक होतं, बोलायला लागले आणि बिघडलं. म्हणून मी असतो तर कार्डावर पंधराव्या अध्यायातलं पाचवं वचन घेतलं असतं, धीर आणि उत्तेजन देणारा देव, एवढेच शब्द, आणि खाली तिच्या पुढच्या केमोची तारीख घालून लिहिलं असतं, त्या दिवशी मी येते, फाईल माझ्याकडे दे.