सोलापुरात इलेक्ट्रिकल शिकून इमेज सेन्सरच्या संशोधनात जाता येतं का?

येतं. मीही सोलापुरातच इलेक्ट्रिकल केलं आणि गेली वीसेक वर्षं माझं पोट इमेज सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपवर, चाललंय. तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या वर्षाला आहात, वर्गातली पोरं सॉफ्टवेअरच्या मागे आहेत, घरचे महावितरणची परीक्षा दे म्हणतात, आणि सर म्हणाले की हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं काम. सरांचं अर्धं खरं आहे.

ॲनालॉग सर्किट आणि सेमीकंडक्टर फिजिक्स आपल्याला जेमतेम शिकवतात. ते एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या साइटवर) फुकट आहे, बसून भरून काढा, त्याला पर्याय नाही. पण सेन्सरचं निम्मं दुखणं म्हणजे नॉइज, खऱ्या सिग्नलमध्ये मिसळणारी नको ती गडबड, आणि तो सप्लायमधून किंवा ग्राउंडमधून येत असेल तर इलेक्ट्रिकलवाल्याला वास आधी लागतो. घरात जुनी चोक-स्टार्टरवाली ट्यूब असेल तर मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर १/१००० वर ठेवून तिच्या उजेडात भिंतीचा फोटो काढा. पट्टे दिसतील. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे उजेड सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. आणि मोबाईलचा सेन्सर अख्खं चित्र एका दमात टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. कुठल्या ओळीला चढता उजेड मिळतो, कुठल्या ओळीला उतरता.

ही ओळीमागून ओळ मला पुस्तकाआधी कारखान्यात कळली होती. माझे वडील, अण्णा, पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमागावर जॉबर होते. पिक्सेलची मांडणी अगदी मागासारखी असते: आडव्या तारेने एक ओळ निवडायची आणि त्या ओळीतले सगळे पिक्सेल आपापल्या उभ्या तारेवरून एकदम खाली वाचायचे. मग पुढची ओळ. मी पीएचडीच्या सुट्टीत घरी आले होते, लॅपटॉपवर माझ्या चिपचा टेस्ट फोटो उघडा होता. राखाडी चित्र, आणि त्यात वरपासून खालपर्यंत एक फिकी उभी रेघ. तीन आठवडे मी पिक्सेलमध्ये दोष शोधत होते. अण्णा शेंगा सोलत मागून बघत होते. म्हणाले, "ताणा तुटलाय की गं हितं." ताणा म्हणजे मागावरचा उभा धागा.

त्यांना पिक्सेल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण चादरीवर डाग एका जागी असला तर तो कापडाचा, आणि रेघ टोकापासून टोकापर्यंत असली तर ती त्या एका धाग्याची, हे त्यांना झोपेतही कळत होतं. परत गेल्यावर त्या एका उभ्या तारेच्या तळाशी असलेला ॲम्प्लिफायर तपासला. ऑफसेट, म्हणजे शून्यापासून सरकलेली पातळी, तिथेच होता.

आता नेमकं काम काय असतं ते. उजेड पडला की पिक्सेलमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात, ते मोजायचे. एका पिक्सेलमध्ये १०० इलेक्ट्रॉन जमले तर निव्वळ प्रकाशाच्या स्वभावामुळे त्यात १० इकडे-तिकडे होतात, १०,००० जमले तर १००. वर्गमूळाचा हा हिशेब निसर्गाचा आहे, तो कुणालाच चुकवता येत नाही. आपण भांडायचं ते त्याच्यावर सर्किट जी घाण टाकतं तिच्याशी. उदाहरणार्थ, दूध मोजताना आधी रिकामं भांडं तोलतात, तसा आधी रिकामा पिक्सेल वाचायचा, मग भरलेला, आणि वजाबाकी करायची. ऐकायला सोपं आहे. हे एकेका इलेक्ट्रॉनच्या हिशेबात बसवण्यात माणसांची आयुष्यं गेली आहेत.

इतिहास थोडक्यात सांगते, मुलाखतीत विचारतात. १९६९ साली बेल लॅब्समध्ये बॉईल आणि स्मिथ यांनी सीसीडीची, म्हणजे चार्ज एका खणातून पुढच्या खणात सरकवत नेणाऱ्या चिपची, कल्पना मांडली, २००९ चं नोबेल त्यांना मिळालं. चित्र टिपण्यासाठी ती वापरायचं पेटंट मात्र त्यांच्याच लॅबमधल्या मायकेल टॉम्पसेटच्या नावावर आहे, आणि नोबेलच्या यादीत तो नव्हता. (माझ्या मते हे बरं नाही झालं.) १९८० च्या सुमारास जपानमध्ये एनईसीत नोबुकाझु तेरानिशींनी पिन्ड फोटोडायोड (पिक्सेलमधल्या उजेड टिपणाऱ्या भागाचा सुधारलेला प्रकार) काढला, आणि नव्वदच्या दशकात नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत एरिक फॉसमने प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा ॲम्प्लिफायर देणारा सीमॉस सेन्सर पुढे आणला. त्याला हवा होता यानावर बसेल असा हलका कॅमेरा. आज तुमच्या खिशातला कॅमेरा या दोघांच्या कामावर उभा आहे. २०१७ मध्ये या दोघांना, स्मिथला आणि टॉम्पसेटला मिळून इंजिनीअरिंगचं क्वीन एलिझाबेथ पारितोषिक मिळालं.

माझा रस्ता साधा होता: गेट, एका आयआयटीत एमटेक, मग बाहेर पीएचडी. पहिली चिप १८० नॅनोमीटरमध्ये केली (हा आकडा म्हणजे चिपवर किती बारीक आखता येतं त्याचं माप). अशा वेळी एका वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, दहा-बारा जणांची डिझाइन्स वाटून घेतात. त्या फेरीला आमच्या धंद्यात ‘शटल’ म्हणतात, म्हणजे आपला धोटा. सोलापूरच्या बाईला यावर हसू येणारच. काही महिने वाट पाहून धोटा परत आला, चिप बोर्डवर लावली, टॉर्च मारला. काळं. खोलीतले सगळे दिवे लावले. तरी काळं.

झालं असं होतं की चिपवर धातूचा थर सगळीकडे सारखा पडावा म्हणून सॉफ्टवेअर रिकाम्या जागी आपोआप धातूचे चौकोन भरतं. माझे फोटोडायोड त्याला रिकामी जागाच वाटले. तिथे भरू नको असं सांगणारा एक लेयर काढायचा असतो, तो मी विसरले होते. म्हणजे हजारो डोळे केले आणि प्रत्येकावर स्वतःच्या हाताने झाकण बसवलं. मायक्रोस्कोपमध्ये ते चौकोन इतके सुबक दिसत होते की रडू आलं. पुढचं शटल सहा महिन्यांनी होतं.

हा वेग तुम्हाला मानवतो का, ते आधी ठरवा. सॉफ्टवेअरमधले मित्र सकाळची चूक दुपारी सुधारतात, आपली चूक वर्षभर पुरते. भारतात नोकऱ्या मोजक्या आहेत: बेंगळुरूतली काही डिझाइन सेंटर्स, इस्रोची दोन केंद्रं, अहमदाबादचं सॅक आणि बेंगळुरूचं लिओस. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरची प्रक्रिया आहे. सेन्सर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मात्र मुख्यतः जपान-कोरियात, त्यामुळे काही वर्षं बाहेर काढावी लागतील असं धरून चाला. घरच्यांना हे आत्ताच सांगा, शेवटच्या वर्षाला नको.

तोवर फुकटात बरंच होतं. स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीचं १३० नॅनोमीटरचं डिझाइन किट २०२० पासून खुलं आहे; एनजीस्पाइस आणि मॅजिक ही फुकट सॉफ्टवेअर वापरून चार ट्रान्झिस्टरचा एक पिक्सेल काढा आणि चालवून बघा. इंटरनॅशनल इमेज सेन्सर वर्कशॉपचे जुने पेपर मोफत वाचता येतात. सुरुवातीला दहातला एक कळेल, चालतं.

आणि मे महिना आलाच आहे तर एक प्रयोग सोलापुरातच करण्यासारखा आहे. सिलिकॉन तापलं की अंधारातही इलेक्ट्रॉन सुटतात. साधारण सात-आठ अंशांना हे प्रमाण दुप्पट होतं. मोबाईलच्या लेन्सवर काळी टेप लावा, रॉ फॉरमॅटमध्ये (मोबाईलने न सुधारलेले) सगळ्यात लांब एक्स्पोजरचे दहा फोटो दुपारी तीनला गच्चीच्या सावलीत काढा. मग तोच मोबाईल झिपच्या पिशवीत हवाबंद करून तासभर फ्रीजमध्ये ठेवा आणि टायमर लावून आतच पुन्हा दहा काढा. दोन्हींतले पांढरे ठिपके मोजा, आलेख काढा, आकडे मला इथेच कळवा. फ्रीजमध्ये मोबाईल कशाला, याचं उत्तर आईला काय द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.