आईची अँजिओग्राफी स्वच्छ आहे, तरी छातीत दाब येतो. इंदूरच्या डॉक्टरांनी स्ट्रेस एमआरआय सांगितला आहे. त्यातून काय कळेल?

अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात. हृदयाच्या स्नायूत शिरलेल्या बारीक वाहिन्या तिच्यात दिसत नाहीत आणि दुखणं तिथेही असू शकतं. म्हणून स्ट्रेस एमआरआय, म्हणजे औषधाने हृदयावर ताण आणून केलेला एमआरआय, मला योग्य वाटतो.

आधी एडेनोसिनसारखं औषध देऊन रक्तप्रवाह वाढवतात. मग शिरेतून गॅडोलिनियम (चित्रात उजळ दिसणारं द्रव्य) सोडतात आणि ते स्नायूत पहिल्यांदा पोहोचत असताना हृदयाच्या जवळजवळ प्रत्येक ठोक्याला चित्र घेतात. जिथे रक्त कमी, तो भाग उशिरा उजळतो. नुसत्या नजरेने पाहिलं तर एक धोका राहतो: सगळीकडेच प्रवाह सारखा कमी असेल तर तुलनेला निरोगी भागच उरत नाही. म्हणून आकडा हवा, एक ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळतं तो. विश्रांतीत तो साधारण 1 च्या आसपास असतो. औषधाच्या ताणाखाली निरोगी हृदयात दुप्पट-तिप्पट होतो. हा आकडा सगळीच केंद्रं काढत नाहीत, तेव्हा वेळ घेतानाच विचारा.

आदल्या दिवसापासून चहा-कॉफी पूर्ण बंद. आपल्या घरांत पोह्यांसोबत चहा ठरलेला, पण कॅफीन एडेनोसिनचा परिणाम अडवतं आणि तपासणी फसवा निकाल देते. दमा, मूत्रपिंडाचा त्रास किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा. औषध चालू असताना धाप लागते, छाती भरून येते. ते थांबवल्यावर मिनिटाभरात ओसरतं, हे आईंना आधीच समजावून ठेवा.