बेळगावहून अथणीला जाताना तांबडी माती काळी कशी होते? विदारण, क्षरण आणि निक्षेपण या भागात प्रत्यक्ष कुठे दिसतं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : बेळगावहून संकेश्वर-चिकोडीमार्गे अथणीला गेलात, निघताना दोन्ही बाजूंना तांबडी माती होती, पोहोचेपर्यंत काळीभोर झाली. एकाच जिल्ह्यात असं का? आणि शाळेत पाठ केलेलं विदारण, क्षरण, निक्षेपण इथे डोळ्यांनी कुठे बघायला मिळेल?

मी भूगोलाचा मास्तर नव्हे. बेळगावात घरं बांधायचा धंदा आहे. पाया खणायचा म्हणजे जमिनीच्या पोटात काय आहे ते बघावंच लागतं, नाहीतर भिंत नंतर दाखवते. त्या अनुभवावर आणि आवडीने केलेल्या वाचनावर लिहितोय.

तांबडी माती तांबड्या दगडाची आणि काळी माती काळ्या दगडाची, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. बेळगावच्या तांबड्या मातीखाली खोल गेलात तर काळा दगडच लागतो, आणि अथणीच्या काळ्या रानाखालीही तोच. बेसॉल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांची दक्षिणेकडची कड आपल्या जिल्ह्यात येऊन संपते. (खानापूरच्या दक्षिणेला लोंढ्याकडे खडक वेगळा आणि त्याहून फार जुना. तो भाग इथे सोडून देतो.) म्हणजे दगड एकच. फरक केला तो पावसाने. अथणीकडे वर्षाला 500-600 मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. बेळगाव शहरात त्याच्या दुप्पट पडतो. जांबोटी-कणकुंबीकडे तर जून ते सप्टेंबर छत्री मिटायची सोय नसते.

पावसाचं पाणी दगडावर नुसतं वाहून जात नाही. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्लधर्मी झालेलं असतं. फटीतून आत शिरलं की दगडातली खनिजं सडवायला लागतं. फेल्डस्पार नावाच्या खनिजाची चिकणमाती होते, लोह गंजतं, चुना, सोडा, मॅग्नेशियम पाण्यात विरघळून निघून जातं. पाऊस भरपूर आणि पाण्याचा निचरा चांगला असेल, तर शेवटी सिलिकासुद्धा (वाळू ज्याची बनते ते द्रव्य) धुऊन जातं आणि मागे उरतं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. हाच आपला जांभा, म्हणजे घराला लावतो तो चिरा. तांबडा रंग गंजलेल्या लोहाचा. जिथे ॲल्युमिनियमचं प्रमाण फार वाढलं तिथे बॉक्साइट, म्हणजे ज्यापासून ॲलुमिना आणि पुढे ॲल्युमिनियम काढतात तो दगड, तयार झालं. चंदगडच्या बाजूच्या डोंगरमाथ्यांवर त्याच्या खाणी आहेत आणि बेळगावात ॲल्युमिनाचा कारखाना आहे, हा काही योगायोग नाही.

अथणीकडे पाऊस कमी. विरघळलेला चुना दूर जाण्याआधीच पाणी आटतं. काळ्या रानात नांगराच्या फाळाला चुनखडीचे पांढरे खडे लागतात ते त्यामुळेच. मॅग्नेशियम आणि सिलिकाही बरंच जागेवर राहिल्याने तिथे वेगळ्याच जातीची चिकणमाती तयार होते, पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की आकसणारी. उन्हाळ्यात त्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आम्हा बांधकामवाल्यांना तिथे फार जपून काम करावं लागतं : काळी माती पूर्ण काढून खाली मुरूम लागेपर्यंत पाया न्यायचा. मालक म्हणतो, "चार फूट पुरे की हो." पुरत नाही. दोन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. बेळगावच्या पश्चिमेला हा ताप नाही, तिथली माती फुगत नाही आणि पाणी धरूनही बसत नाही. कडोली, उचगावकडे रताळी इतकी चांगली का पिकतात याचं अर्धं उत्तर त्या भुसभुशीत, निचऱ्याच्या मातीत आहे. उरलेलं अर्धं तिथल्या शेतकऱ्याच्या कष्टात.

विदारण एका नजरेत बघायचं असेल तर पश्चिमेकडची एखादी चिऱ्याची खाण गाठा. पुस्तकातल्या दहा आकृत्यांपेक्षा ती कडा जास्त सांगते. अगदी वर हातभर माती, गवताच्या मुळांसकट. तिच्याखाली चिरा, तांबडा-पिवळा, सगळीकडे वेड्यावाकड्या भोकांचा. त्या भोकांत बोट घातलं तर आत मऊ माती लागते, पावसाने ती धुऊन नेली की भोक रिकामं होतं. खाणीतून काढल्या काढल्या चिरा इतका मऊ असतो की पूर्वी हत्याराने सहज ताशीत. आता यंत्राच्या पात्याने कापतात. उन्हावाऱ्यात पडला की घट्ट होत जातो, म्हणून जुनी माणसं ताजा चिरा लगेच भिंतीत घालू देत नसत. चिऱ्याच्या खाली पांढरट-गुलाबी चिकट मातीचा थर असतो, लोह वर राहिलं आणि इथून गेलं त्याचा. त्याच्याही खाली मुरूम, आणि मुरमात मधे मधे काळ्या दगडाचे गोल गोळे. गोळ्यावर हातोडी हलकी मारली तर कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे एकावर एक पातळ थर सुटतात आणि आत अजून न सडलेला दगड निघतो. असं का? मूळ दगडात उभ्या-आडव्या फटी असतात, पाणी तिन्ही बाजूंनी कोपऱ्यांवर चढाई करतं, कोपरे आधी झिजतात, चौकोनी ठोकळ्याचा गोळा होतो. त्या गोळ्यांच्या खाली अखंड काळा पाषाण. खालून वर वाचत गेलात तर दगडाची माती कशी झाली याचा सगळा क्रम त्या एका कड्यात आहे.

आणि लक्षात घ्या, या कड्यात काहीही जागचं हललेलं नाही. विदारण म्हणजे एवढंच, दगड जागच्या जागी कुजणं किंवा फुटणं. ती माती पाण्याने, वाऱ्याने उचलून नेली की क्षरण, आणि नेणाऱ्याचा जोर संपला तिथे ती टाकली की निक्षेपण. परीक्षेत विदारण आणि क्षरण यांची गल्लत होते ती इथेच.

क्षरण बघायला फार लांब जायला नको. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की मार्कंडेय नदीचं पाणी बघा, तांबडं लाल. नांगरून मोकळं केलेलं रान, मुरमासाठी जेसीबीने उघडी केलेली टेकडी, प्लॉट पाडायला सपाट केलेला माळ, सगळं त्यात असतं. झाडीतून येणाऱ्या ओढ्याचं पाणी त्याच दिवशी तुलनेनं नितळ असतं. आमच्या धंद्याचा यात हात आहे, हे मी नाकारत नाही. नव्या ले-आऊटमध्ये आधी गटार आणि बांध करून मग माती उघडी करावी, एवढं साधं पथ्यही फारसं कुणी पाळत नाही.

मोठ्या मापाचं क्षरण बघायचं तर कणकुंबी. मलप्रभा तिथे उगम पावते, सुमारे 792 मीटर उंचीवर, आणि समुद्र पश्चिमेला इतका जवळ असताना पूर्वेला वळते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. त्याच खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगवलेली म्हादई मात्र पश्चिमेला उडी घेऊन गोव्यात उतरते. पूर्वेकडचा उतार मंद आहे, पश्चिमेकडचा सरळ तुटलेला. उतार जेवढा तीव्र तेवढा पाण्याला जोर, म्हणून पश्चिमेकडचे ओढे आपल्या उगमाकडे डोंगर कोरत मागे मागे सरकतात. सह्याद्रीची कड अशीच हळूहळू पूर्वेला हटत आलीय. चोर्ल्याच्या घाटात थांबून खाली बघितलंत तर हे काम अजून चालू आहे हे पटेल. (म्हादईचं पाणी कुणाचं या भांडणात मी पडत नाही. नदीनेही अजून आपलं मत दिलेलं नाही.)

निक्षेपणासाठी उत्तरेला कृष्णाकाठी जा. चिकोडी तालुक्यात यडूर, कल्लोळच्या भागात दूधगंगा कृष्णेला मिळते. तिथे उतार जवळजवळ नाहीच, नदी रेंगाळते आणि पुरात काठ सोडून रानात शिरते. वेग कमी झाला की आधी जड ते खाली बसतं : गोटे, मग वाळू, मग पोयटा (वाळूहून बारीक गाळ), आणि सगळ्यात शेवटी चिकणमाती, जिला बसायला जवळजवळ थांबलेलं पाणी लागतं. म्हणून वाळू पात्रातच सापडते आणि पोयट्याची मळी काठच्या रानात. ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर हे फार जवळून बघायला मिळालं. पाणी ओसरल्यावर काही रानांत गुळगुळीत गाळाचा थर बसला होता, तर जिथे नदीने बांध फोडून जोरात धाव घेतली तिथे वरची सुपीक माती खरवडून नेली होती. एकाच पुराने एकाला दिलं आणि शेजाऱ्याचं नेलं. पुराच्या गाळाने जमीन सुधारते असं म्हणणं सोपं आहे; ज्याचा आडसाली ऊस कुजला त्याला ते ऐकवू नये.

खानापूरला कुंभारकाम आणि कौलं का रुजली याचंही मूळ असल्याच मातीत आहे. वरच्या डोंगरात सडलेल्या दगडाची बारीक माती पाण्याबरोबर खाली सखल जागी येऊन बसली, ती चाकावर चांगली वळते. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था खानापुरात आहे, ती उगाच नाही. उलट धरणात बसलेल्या गाळाचा त्रासच. हिडकलला घटप्रभा आणि नविलुतीर्थला मलप्रभा थांबते, आणि पाणी थांबलं की गाळ बसणारच, त्याला अभियंता काही करू शकत नाही.

नविलुतीर्थचा विषय निघालाच म्हणून सांगतो. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराला जाणारे लाखो लोक त्या धरणाजवळून जातात, पण नदीने डोंगर आरपार चिरलाय याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. नदी डोंगर चढून पलीकडे गेली का? नाही. डोंगराचा कणा कठीण क्वार्टझाइटचा (दाबून घट्ट झालेला वाळूचा दगड), आजूबाजूची जमीन त्यामानाने मऊ. नदी आपल्या वाटेने खाली खोदत राहिली, भोवतालची जमीन झिजून खाली गेली आणि कणा उंच उरला. बांध घालायला अशी अरुंद खिंड मिळणं म्हणजे अर्धं काम निसर्गानेच केलेलं.

आता गोकाक. धबधबा सगळ्यांना ठाऊक आहे, घटप्रभा तिथे सुमारे 52 मीटर खाली कोसळते आणि 1887 सालापासून त्या पाण्याच्या जोरावर गिरणी चालली. पण माझं म्हणणं आहे की पाण्यापेक्षा तिथला दगड बघा. हा बेसॉल्ट नव्हे. हा वालुकाश्म आहे, दाबून दाबून क्वार्टझाइट झालेला, कलादगी नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या थरांतला, शंभर कोटी वर्षांहून जुना. दगड इतका चिवट की आम्ल पावसाला दाद देत नाही, त्यातलं क्वार्टझ, म्हणजे वाळूचं खनिज, सडतच नाही म्हणा ना. मग पाणी तो कापतं कसं? कापत नाही, फटींतून मोडतं. थरांच्या आडव्या फटी आणि उभ्या चिरा यांनी दगडाचे ठोकळे आधीच सुटे केलेले असतात, पुराचं पाणी त्यांतला एखादा ढकलून देतं, आणि कडा तेवढी मागे सरकते. धबधब्याच्या खाली जी खोल घळ दिसते ती त्या मागे सरकण्याचाच माग. शिवाय पात्रातल्या खळग्यात अडकलेले गोटे भोवऱ्यात फिरून फिरून रांजणखळगे पाडतात, निघोजला कुकडी नदीत आहेत त्या जातीचे.

त्या दगडाची सपाट फरशी नीट निरखा. काही थरांवर बारीक समांतर लाटा उमटलेल्या असतात, बोट फिरवलं तर चढउतार कळतो. उथळ पाण्याखालच्या वाळूवर उमटलेल्या त्या लाटा आहेत. म्हणजे कधीतरी त्याहूनही जुने डोंगर सडले, त्यांची वाळू पाण्याने वाहून आणली, उथळ समुद्रात टाकली, ती दगड झाली, वर आली, आणि आज घटप्रभा तीच वाळू परत सुटी करून कृष्णेकडे पाठवतेय. तुमचे तिन्ही शब्द एकाच फरशीवर आहेत, आणि त्यांची एक फेरी आधीच पूर्ण झालेली आहे.

बघायला कधी जायचं? पावसाळ्यात गोकाकला पाणी दिसतं, दगड दिसत नाही, आणि शेवाळलेल्या कड्याजवळ जाणं जिवावर बेततं. लाटांच्या खुणा आणि खळगे बघायचे तर फेब्रुवारी ते मे. गोडचिनमलकीला मार्कंडेय दोन टप्प्यांत पडते, तेही त्याच फेरीत होईल, गोकाकहून फार लांब नाही. चिऱ्याची खाण बघायला मात्र मालकाला आधी विचारा, आणि कड्याच्या अगदी बुडाशी उभे राहू नका. खालची ती पांढरट माती ओली झाली की वरचा चिरा कधी सुटेल सांगता येत नाही. अथणीकडच्या भेगा एप्रिलमध्ये सगळ्यात मोठ्या असतात.