वाचक विचारतात : बॉम्बच्या धमकीचा फोन आला तर?

प्रश्न : देहूरोड भागातल्या एका लष्करी डेपोत मी टेलिफोन एक्स्चेंजवर नागरी कर्मचारी आहे. ‘बॉम्ब ठेवलाय’ असा फोन आला तर काय करायचं? बहुतेक फोन खोटेच असतात ना?

उत्तर : बहुतेक खोटे निघतात, पण हा खोटा की खरा हे तुम्ही ठरवायचं नाही. समोरच्याला बोलू द्या आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. ‘दुपारी फुटणार’ म्हणणारा कुणीही असू शकतो. ‘जेवणाच्या सुट्टीत फुटणार’ म्हणणाऱ्याला कदाचित डेपोचं वेळापत्रक ठाऊक आहे. सारांश लिहिलात की हा फरक पुसला जातो. सरळ विचारा : कुठे ठेवलाय, कधी फुटणार, दिसतो कसा, का ठेवला? मागे रेल्वेचा भोंगा किंवा एसटी स्टँडवरची घोषणा ऐकू आली तर तीही टिपा. बोलता बोलताच शेजारच्याला चिठ्ठी सरकवा. त्याने दुसऱ्या फोनवरून ड्यूटी ऑफिसरला कळवायचं. समोरच्याने फोन ठेवला तरी तुम्ही रिसीव्हर ठेवू नका, माग काढायला त्याचा उपयोग होऊ शकतो.

धमकी ईमेलने आली तर मूळ मेल तसाच राखा. स्क्रीनशॉटमध्ये हेडर (मेल कुठून, कोणत्या मार्गाने आला याची नोंद) येत नाही, आणि तपासाला तोच लागतो.

प्रश्न : शोध आम्ही घ्यायचा की बॉम्बशोधक पथकाने?

उत्तर : अधिकाऱ्यांनी सांगितलं तर पहिली नजर तुमचीच. कपाटामागचा तो डबा रोजचा की आजचा, हे पथकाला कळणार नाही. दोघांनी मिळून खोलीत शिरा, अर्धा मिनिट गप्प उभं राहून कानोसा घ्या. मग जमिनीपासून कमरेपर्यंत, कमरेपासून डोळ्यांपर्यंत, शेवटी छतापर्यंत, अशा फेऱ्या करा. पाहून झालेल्या दाराला टेप लावा, नाहीतर तीच खोली तिघे तपासतात आणि जिन्याखालची जागा राहून जाते.

संशयास्पद वस्तू दिसली की हात लावायचा नाही, वॉकीटॉकी आणि मोबाइल १५ मीटरच्या आत वापरायचे नाहीत. फायर पॉइंटवरची वाळूची लाल बादली किंवा पहाऱ्याच्या चौकीभोवतीची वाळूची पोती आणून वर टाकायचा मोह होतो, तो आवरा. तेवढा वेळ तुम्ही वस्तूच्या अगदी जवळ असता, आणि पथकालाही मग ती दिसत नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोट हवाई तळावर एनएसजीच्या बॉम्बनाशक तुकडीचे लेफ्टनंट कर्नल निरंजन मृत अतिरेक्याच्या अंगावरचं स्फोटक फुटून शहीद झाले. ते तर या कामात तरबेज होते.

प्रश्न : इमारत रिकामी करायला आगीचा सायरन वाजवला तर चालेल?

उत्तर : नाही. सायरन ऐकला की माणसं सवयीने बॅगा जागेवर सोडून नेहमीच्या जमण्याच्या जागी जातात. बॉम्बच्या वेळी उलट हवं : स्वतःची बॅग, डबा सोबत न्यायचा, म्हणजे मागे बेवारस वस्तू कमी उरतात. बाहेर काढायचं की नाही, हे कमांडंट ठरवतात. किमान अंतर म्हणून छोट्या वस्तूपासून १००, कारपासून २००, ट्रकपासून ४०० मीटर धरतात, तेही काचा आणि दारूगोळ्याच्या गोदामापासून लांब. आणि जमण्याची जागा आधी तपासल्याशिवाय तिथे माणसं न्यायची नाहीत, कारण दुसरा बॉम्ब तिथेच ठेवलेला असू शकतो.