‘सर, मी हेही घेते’

“डॉक्टरांच्या गोळ्या चालू असताना काढा घेतलेला चालतो का? आणि चालत नसेल, तर दोन्हीतलं काय सोडू?” हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. खरं तर तो समुपदेशकाला विचारायचा प्रश्नच नाही. पण डॉक्टरांना विचारायची भीती वाटते, म्हणून तो माझ्या खोलीत येऊन पडतो. त्यातली एक हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई सेहेचाळीस वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता हात पदराखाली घ्यायच्या. चौथ्या-पाचव्या भेटीत हात बाहेर आले, बोटांचे सांधे सुजलेले. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ मिटत नाही, पोळपाट-लाटणं बंद झालंय आणि फळ्यावर लिहायला वर्गातल्या मुलांना उठवावं लागतं, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. संधिवाततज्ज्ञांनी रक्त तपासून ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताचं, निदान केलं होतं आणि मेथोट्रेक्सेट सुरू केलं होतं. आठवड्यातून एकदाच, रविवारी. (हे ‘एकदाच’ फार महत्त्वाचं. चुकून रोज घेतली तर ही गोळी जिवावर बेतू शकते.)

गडबड झाली ती भाच्यानं मोबाइलवर शोधल्यावर. “मामी, हे तर कॅन्सरचं औषध आहे!” ते खोटं नाही. कॅन्सरमध्ये ते कितीतरी मोठ्या मात्रेत देतात; सांध्यांसाठी आठवड्याला काही मिलिग्रॅम, आणि अमेरिकेत या आजारासाठी त्याला 1988 मध्येच मान्यता मिळाली आहे. पण घरात मात्रेचा हिशोब कोण करतो? यजमानांनी त्या गोळीचं नावच ‘विष’ ठेवलं. जाऊबाई कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचा काढा रोज सकाळी हातात देऊ लागल्या. नणंदेनं होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या आणल्या. आणि ताई स्वतः एका वैद्यांकडे जाऊन आल्या.

“वैद्यांनी पाऊण तास विचारलं हो,” त्या म्हणाल्या. “झोप कशी, भूक कशी, शाळेत कसला ताण आहे. सासूबाई गेल्यापासून दुखणं वाढलं का, हेसुद्धा. मोठ्या डॉक्टरांकडे दोन तास बसले नि पाच मिनिटांत बाहेर.”

ही तक्रार मी हलकी मानत नाही. माणसं पुष्कळदा औषधासाठी नाही, कुणीतरी ऐकावं म्हणून दार बदलतात. पण ऐकून घेणं एक आणि सांधा झिजण्यापासून वाचवणं दुसरं. या आजारात सुरुवातीचे महिने मोलाचे असतात, कारण एकदा सांध्याची हानी झाली की ती भरून येत नाही. शिवाय दुखणं आपसूक चढतं-उतरतं. ते उतरायच्या वेळी जे काही घेत असू, त्याला श्रेय मिळून जातं.

“पण ॲलोपॅथी नुसतं दाबून ठेवते, आयुर्वेद मुळापासून काढतो ना?”

मी त्यांना म्हटलं, कुठली पॅथी खरी हे ठरवायला मी बसलेली नाही. फक्त तीन शब्द वेगळे करू. एखादी गोष्ट औषधाच्या ऐवजी घेतली तर ती पर्यायी. औषधाच्या जोडीला, दोघांना सांगून घेतली तर पूरक. आणि समग्र म्हणजे तुमची झोप, जेवण, शाळा, सासूबाईंचं जाणं, हे सगळं धरून तुमच्याकडे पाहणं. ते वैद्य करू शकतात, एमडी डॉक्टरही करू शकतात, आणि दोघंही करत नाहीत असंही होतं. होमिओपॅथीच्या गोळीत औषध इतकं विरळ केलेलं असतं की पुष्कळदा मूळ द्रव्याचा कणही उरत नाही. तिथं भीती गोळीची नाही, तिच्या भरवशावर घालवलेल्या महिन्यांची. काढ्याचं तसं नाही. त्यात खरंच काहीतरी असतं. म्हणून तर तो लपवायचा नसतो.

आणि ताईंनी तो लपवला होता. त्याच आठवड्यात एसजीपीटी (यकृताला त्रास झाला की रक्तात वाढणारा घटक) वाढल्याचा रिपोर्ट आला. मेथोट्रेक्सेटनं यकृतावर ताण येऊ शकतो, त्यासाठीच तर नियमित रक्त तपासतात. डॉक्टर गोळी बंद करायच्या बेतात होते. काढ्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता. तो वाद सोडवणं माझ्या आवाक्यातलं नाही. पण ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांच्यासमोर निम्मीच माहिती होती, एवढं मला दिसत होतं.

मग आमचं काम एका वाक्याचं उरलं. “सर, मी हेही घेते.” मी डॉक्टर झाले, ताई रुग्ण. पहिल्यांदा त्या रडल्या, दुसऱ्यांदा हसल्या, पाचव्यांदा वाक्य सरळ निघालं. घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, गुळवेलीचा तुकडासुद्धा एका पिशवीत भरून न्यायचं ठरलं.

डॉक्टर आधी वैतागले: “हे कशाला घेता?” मग एकेक बाटली उलटून वाचली. म्हणे त्या दिवशी पाच मिनिटांची वीस झाली. त्यांनी काढा थांबवून, काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून मग गोळीचं ठरवायचं सांगितलं. वैद्यांकडेही तीच पिशवी गेली. तिथं वेगळाच प्रकार कळला: त्यांनाही ना मेथोट्रेक्सेट माहीत होतं, ना जाऊबाईंचा काढा. त्यांनी आपली पोटात घ्यायची औषधं थांबवली. वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक आणि आहाराचं पथ्य ठेवलं. आमवातात (आयुर्वेदात अशा सांधेदुखीला हेच म्हणतात) तेल चोळू नका, हेही त्यांनीच सांगितलं. घरात तर महिनाभर तेल चोळणं चालू होतं.

पुढच्या तपासणीत एसजीपीटी खाली आलं. काढ्यामुळेच वाढलं होतं असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. गोळी चालू राहिली. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तेवढे लागलेच. झोपेसाठी आम्ही अजून भेटतो. सासूबाईंविषयी आता कुठे बोलणं सुरू झालंय.

जाऊबाई थोड्या रुसल्यात. यजमानांचं मत काही बदललेलं नाही, पण रविवारी सकाळी चहा पुढं करताना तेच विचारतात, “तुझं विष घेतलंस का?”