इली नदी समुद्राला का मिळत नाही?

प्रश्न: नद्या शेवटी समुद्राला मिळतात असं शाळेत शिकलो, मग कझाकस्तानातली इली नदी बल्खाश सरोवरातच कशी काय संपते? आणि त्या सरोवराचं पाणी अर्धं गोडं, अर्धं खारं आहे म्हणतात ते खरंय का?
– एक वाचक

उत्तर: अगदी खरंय. समुद्राला मिळायचं तर तिकडे उतार पाहिजे ना, इथे तोच नाहीये. सगळा प्रदेश चारही बाजूंनी बंद, खोलगट, त्यामुळे तिएनशान डोंगरातलं पाणी सगळ्यात सखल जागी म्हणजे बल्खाशमध्ये येतं आणि तिथून फक्त वाफ होऊनच बाहेर पडतं.

नदीचा प्रवासही गंमतीशीर आहे. तेकेस ही मूळ नदी कझाकस्तानात उगम पावते, पूर्वेला चीनमध्ये जाते, तिथे कुंगेसला मिळते आणि मग इली हे नाव घेऊन वळसा मारून परत कझाकस्तानात येते! बर्फ वितळतं तेव्हा, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, हिला जोर असतो. पुढे वाळवंट लागतं आणि सरोवराच्या बरंच अलीकडेच हिला फाटे फुटायला लागतात, सगळीकडे दलदल, छोटी तळी, माणसाच्या वर जाईल एवढं बोरूचं गवत, आणि बरंचसं पाणी तिथेच जिरतं नाहीतर उडून जातं.

आता गोड्या-खाऱ्याचं बघू. बल्खाश लांबच लांब, सुमारे 600 किमी, पण उथळ, सरासरी खोली 6 मीटरसुद्धा नाही. इली येऊन मिळते ती पश्चिमेच्या भागाला, म्हणून तिकडचं पाणी जवळपास गोडं. मधे उझिनारल नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे (सरोवरातली असली तरी सामुद्रधुनीच म्हणतात हं), तिच्यातून पाणी पूर्वेकडे सरकतं, तिथे करातल, लेप्सी वगैरे नद्या येतात खऱ्या पण त्या इलीपुढे किरकोळ, आणि पाण्याची वाफ होते पण मीठ मागेच राहतं, मग खारटपणा वाढणारच.

1970 साली इलीवर कापचागाय धरण बांधलं आणि जलाशय भरायला पाणी अडवलं, तेव्हा पुढच्या वर्षांत बल्खाशची पातळी 2 मीटरच्या आसपास उतरली. एवढ्या उथळ सरोवराला हे फार झालं. इलीचं बरंचसं पाणी चीनच्या हद्दीतल्या डोंगरातून येतं, त्यामुळे वरच्या अंगाला शेतीसाठी किती उचलतात हा दोन्ही देशांतला कायमचा वादाचा विषय आहे.