अणुकार्यक्रमातील धोका तपासण्याचे काम: मुलीने या क्षेत्रात जावे का?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला पुढे अण्वस्त्र प्रसारबंदीच्या क्षेत्रात, जमल्यास आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत निरीक्षक म्हणून, काम करायचे आहे, असे आपण लिहिले आहे. आपल्या मनात दोन शंका आहेत. एखाद्या देशाच्या अणुमहत्त्वाकांक्षेमुळे जगाच्या सुरक्षेला धोका पोहोचतो हे मुळात खरे आहे, की तो बलाढ्य देशांनी आपल्या सोयीने केलेला आरोप आहे, ही पहिली; आणि तो आरोपच असेल तर मुलीने त्याच्या सेवेत उमेदीची वर्षे का घालवावीत, ही दुसरी. नोकरी आणि पगार यांविषयी आपण शेवटच्या दोन ओळींतच विचारले आहे. मीही त्याच क्रमाने उत्तर देते, कारण पहिल्या शंकेचे उत्तर स्वतःपुरते न शोधता या क्षेत्रात शिरणे मला योग्य वाटत नाही.

‘धोका आहे की नाही’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, आणि ते नाही म्हणूनच हा व्यवसाय अस्तित्वात आहे. जपानकडे ४० टनांहून अधिक प्लुटोनियम आहे. अणुऊर्जा संस्थेच्या हिशेबाने एका बॉम्बच्या दृष्टीने महत्त्वाची मात्रा ८ किलो धरली जाते, म्हणजे नुसत्या आकड्यांवर गेलो तर जपान जगातील सर्वांत चिंताजनक देशांपैकी एक ठरेल. तसे फारसे कोणी मानत नाही, कारण तो साठा जाहीर आहे आणि निरीक्षकांच्या नजरेखाली आहे. उलट इराणचे उदाहरण घ्या. नैसर्गिक युरेनियममध्ये यू-२३५ हे समस्थानिक जेमतेम ०.७ टक्के असते. वीजनिर्मितीच्या बहुतेक अणुभट्ट्यांना ते ३ ते ५ टक्के पुरते आणि शस्त्रासाठी साधारण ९० टक्के लागते. यातील मेख अशी की पहिल्या ५ टक्क्यांपर्यंत पोहोचण्यातच एकूण श्रमांपैकी निम्म्याहून बराच अधिक भाग खर्ची पडतो आणि ६० टक्क्यांवरून ९० टक्क्यांचा पल्ला त्या मानाने अगदी थोडा उरतो. इराणने एप्रिल २०२१पासून ६० टक्क्यांपर्यंतचे समृद्धीकरण, म्हणजे यू-२३५चे प्रमाण वाढवण्याचे काम, सुरू केले आणि जून २०२५पर्यंत अशा युरेनियमचा त्याचा साठा ४०० किलोंच्या वर गेला. या पातळीच्या युरेनियमची वीजनिर्मितीला गरज नसते, त्यामुळे चिंता रास्त आहे. परंतु क्षमता हाताशी असणे आणि शस्त्र बनवण्याचा निर्णय घेतलेला असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही.

दुटप्पीपणाविषयीचा आपला राग मला पूर्णपणे मान्य आहे. १९७०मध्ये अमलात आलेल्या अण्वस्त्र प्रसारबंदी कराराने पाच देशांची अण्वस्त्रे गृहीत धरली आणि इतरांवर बंदी घातली. त्या बदल्यात कलम ४ने सर्वांना शांततामय अणुऊर्जेचा हक्क दिला, तर कलम ६ने निःशस्त्रीकरणाच्या दिशेने प्रामाणिक वाटाघाटी करण्याचे बंधन घातले. जगातील सुमारे ९० टक्के अण्वस्त्रे आजही अमेरिका आणि रशिया यांच्याकडेच आहेत, यावरून त्या बंधनाचे काय झाले हे कळते. भारत, पाकिस्तान आणि इस्रायल यांनी करारावर सहीच केली नाही. उत्तर कोरियाने सही केली, २००३मध्ये बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि ९ ऑक्टोबर २००६ रोजी पहिली चाचणी केली. ही व्यवस्था न्याय्य आहे असे मी आपल्याला पटवू इच्छित नाही. मात्र व्यवस्था अन्याय्य असल्यामुळे नव्या अण्वस्त्राचा धोका खोटा ठरत नाही.

तो धोका केवळ बॉम्बचा नसतो, त्यावर शेजारी काय करतील याचाही असतो. इराणने अण्वस्त्र बनवले तर आम्हीही लवकरात लवकर तेच करू, असे सौदी अरेबियाच्या युवराजांनी २०१८मध्ये उघडपणे सांगितले होते. इस्रायलने १९८१मध्ये इराकची ओसिराक अणुभट्टी बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त केली, त्यानंतर इराकचा कार्यक्रम थांबला नाही. तो गुप्तपणे अधिक जोमाने सुरू झाला. अण्वस्त्रांमुळे राष्ट्रे सावध होतात आणि युद्ध टळते, असे केनेथ वॉल्ट्झ हे अमेरिकी अभ्यासक मांडत असत. तर शस्त्रे सांभाळणाऱ्या संघटना माणसांच्याच असतात आणि अपघात, गैरसमज व हलगर्जी यांपासून त्या मुक्त नसतात, असे स्कॉट सेगन यांचे उत्तर होते. माझा कल सेगन यांच्याकडे आहे. मुलीने दोघांचेही लेखन वाचावे आणि आपल्याशी वाद घालावा.

आता आपल्या दुसऱ्या शंकेकडे येते. निरीक्षक हा कोणाच्या आरोपाचा साक्षीदार नसतो, हे इराणच्याच एका प्रकरणातून चांगले कळते. २००३मध्ये निरीक्षकांनी नतान्झ येथील समृद्धीकरण प्रकल्पातून आणि तेहरानमधील एका कार्यशाळेतून पृष्ठभाग कापडाच्या तुकड्याने पुसून नमुने घेतले. त्यांत अतिसमृद्ध युरेनियमचे सूक्ष्म कण सापडले. इराणने तर इतके समृद्धीकरण केल्याचे जाहीर केले नव्हते, त्यामुळे चोरी पकडली गेली असे म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता. आमची यंत्रसामग्री परदेशातून आली आणि हे कण तिच्यासोबत आले, असे इराणचे म्हणणे होते. संस्थेने ते म्हणणे तपासायला घेतले, पाकिस्तानातून आलेल्या सुट्या भागांवरील कणांशी ताळा पाहिला, आणि २००५मध्ये सांगितले की एकंदरीत पाहता निष्कर्ष इराणच्या या खुलाशाला पुष्टी देणारे आहेत. याच संस्थेने २०१५च्या अखेरीस असेही नोंदवले की २००३च्या अखेरीपूर्वी इराणमध्ये अण्वस्त्राशी संबंधित सुसूत्र प्रयत्न झाले होते आणि २००९नंतर तशा कामाचे विश्वासार्ह संकेत नाहीत. एका अहवालाने इराणची बाजू सावरली आणि दुसऱ्याने त्याला अडचणीत आणले, असे बाहेरून वाटेल. आत काम करणाऱ्यांनी दोन्ही वेळा नमुने आणि नोंदी जेवढे सांगत होत्या तेवढेच सांगितले.

इराकच्या बाबतीत याची किंमत फार मोठी होती. १९९१च्या युद्धानंतर तिथे गुप्त शस्त्रकार्यक्रम उघडकीस आला, तेव्हा निरीक्षक फक्त जाहीर केलेल्या जागाच पाहत होते ही त्रुटी लक्षात आली आणि १९९७मध्ये अधिक व्यापक तपासणीची मुभा देणारा पूरक करार (अतिरिक्त प्रोटोकॉल) मंजूर झाला. पुढे मार्च २००३मध्ये संस्थेचे प्रमुख मोहम्मद एल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेला सांगितले की इराकचा अण्वस्त्र कार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा आढळलेला नाही आणि नायजरमधून युरेनियम घेतल्याची कागदपत्रे अस्सल नाहीत. ते बरोबर होते. तरीही काही दिवसांतच युद्ध सुरू झाले. आपण ज्यांच्यावर संशय घेता त्या बलाढ्य देशांना त्या वेळी अडसर वाटलेली माणसे याच व्यवसायातली होती. अर्थात, सत्य सांगूनही कोणी ऐकत नाही असा प्रसंग वाट्याला येऊ शकतो, हे आपल्या मुलीने आधीच समजून घ्यावे. जून २०२५मध्ये इस्रायल आणि अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. त्यानंतर अनेक महिने संस्थेला समृद्ध युरेनियमच्या त्या साठ्याची पडताळणीच करता आली नाही. धोका कमी झाला की नुसता नजरेआड गेला, हे निरीक्षकांशिवाय कोण सांगणार?

आता अभ्यासक्रमाविषयी. या क्षेत्रात ढोबळमानाने दोन प्रकारची माणसे लागतात. एक मोजणारी: किरणोत्सार मापन, गॅमा वर्णपटमापन, वस्तुमान वर्णपटमापन, अणुसामग्रीचा हिशेब, उपग्रहचित्रांचे वाचन. दुसरी, हेतूंचा अर्थ लावणारी: आंतरराष्ट्रीय संबंध, कायदा, एखाद्या प्रदेशाचा इतिहास आणि तिथली भाषा जाणणारी. दुसऱ्या वाटेचे आकर्षण तरुणांना जास्त असते, कारण ती वर्तमानपत्रांत दिसते. माझे मत असे की भौतिकशास्त्राची पदवी हातात असताना मुलीने आधी मोजायला शिकावे. धोरणाचा अभ्यास पुढे जोडता येतो. पदार्थाची जाण नसलेल्या धोरणतज्ज्ञाला मात्र ती नंतर मिळवणे फार जड जाते.

त्यातही संख्याशास्त्राकडे दुर्लक्ष करू नये. वर्षाला ८ टन प्लुटोनियम वेगळे करणाऱ्या एखाद्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पात मोजमापातील अनिश्चितता अवघी १ टक्का धरली, तरी ती ८० किलो होते, म्हणजे वर सांगितलेल्या महत्त्वाच्या मात्रेच्या दहापट. हिशेबात न जुळणारे प्लुटोनियम चोरीला गेले, नळ्यांना चिकटून राहिले की मुळात मोजणीच चुकली, हे ठरवणाऱ्या माणसाला अनिश्चिततेचे गणित पक्के लागते. मुलाखतीत नेमके हेच विचारले जाते, जागतिक राजकारणावरची मते नव्हेत.

निरीक्षकाच्या पदासाठी पदवीनंतर काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव अपेक्षित असतो, त्यामुळे थेट व्हिएन्नाचे, म्हणजे संस्थेच्या मुख्यालयाचे, स्वप्न पाहण्याआधी एक मधली पायरी ओलांडावी लागते. अणुप्रकल्पातील सामग्रीचा हिशेब ठेवणारा विभाग, राष्ट्रीय नियामक संस्था किंवा किरणोत्सार मापनाची प्रयोगशाळा येथील काम रुक्ष वाटले तरी तयारीसाठी त्याहून चांगले दुसरे नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी संस्थेची मेरी स्क्लोडोव्स्का-क्युरी शिष्यवृत्ती २०२०पासून खास तरुणींसाठीच आहे, आणि विकसनशील देशांतील पदवीधरांना निरीक्षणाच्या कामाचे प्रशिक्षण देणारा कार्यक्रमही संस्था चालवते. व्हिएन्नातच अणुचाचणीबंदी कराराच्या संघटनेचे कार्यालय आहे. भूकंपलहरी, ध्वनिलहरी आणि किरणोत्सारी वायू टिपणाऱ्या तिच्या जगभरच्या केंद्रांसाठीही भौतिकशास्त्रज्ञ लागतात, आणि प्रयोगशाळेपेक्षा पृथ्वीविज्ञान आवडत असेल तर ती वाट अधिक योग्य ठरेल.

पगार चांगला असतो. नोकरी मात्र बहुधा ठरावीक मुदतीच्या करारावर असते आणि प्रवास पुष्कळ होतो. शिवाय एखाद्या निरीक्षकाला आपल्या देशात येऊ न देण्याचा अधिकार सदस्य देशांना असतो. इराणने २०२३मध्ये अनेक अनुभवी निरीक्षकांच्या बाबतीत तो वापरला. करार संपल्यावर परतायला हाताशी एखादे कौशल्य असावे, हेही आधी मोजायला शिकण्याचे आणखी एक कारण आहे.

या वर्षी तिने पदवीचा प्रकल्प किरणोत्सार मापनावर घ्यावा. विद्यापीठात तशी प्रयोगशाळा नसेल तर मोजमापातील अनिश्चितता हा विषय घेऊन संगणकावर प्रतिरूपण करावे. प्रकल्प पूर्ण झाल्यावर त्याचा सारांश आणि गुणपत्रक मला पाठवावे, म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रमांची निवड आपण तिघे मिळून करू.